थोरलीचे पाणी

आमच्या गावाच्या उत्तरेला जी नदी वाहते तिचे नाव मी घेत नाही. तिचे नाव आणि माझ्या यजमानांचे नाव एकाच धातूतून घडले आहे. शेवटी एक 'जी' लावला की नदीचा माणूस होतो. लग्न होऊन पाबळहून या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी मला बजावले, "पुण्याकडून येते ती धाकटी, वरून येते ती थोरली. एवढी दोन नावे तुला पुरतील." ती मला पुरली. थोरलीला पूर आला, थोरली उतरली, थोरलीवर मोटार बसवली, असेच मी बोलत आले आणि जुन्या माणसांना त्यात कधी काही वावगे वाटले नाही. हल्लीच्या मुली नवऱ्याला एकेरी हाक मारतात. त्यांचे त्यांच्यापाशी. मी माझी रीत बदललेली नाही, आणि ती बदलावी असे सुचवण्याचे धाडस कोणी केलेले नाही.

माझा नातू पृथ्वीराज कारेगावच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याची बायको नीलम, माहेरची शिरूरची. ती जवळच्या केडगाव स्टेशनवरून सकाळच्या गाडीने पुण्याला जाई आणि दिवेलागणीला परत येई, त्यामुळे गावाची आणि तिची ओळख रविवारपुरतीच होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी मी तिला समोर बसवून विचारले, "तू कचेरीत नेमके करतेस काय?"

"आजी, लोक फोनवर फोटो काढतात, पैसे पाठवतात, ते सगळं कुठंतरी साठवावं लागतं. त्याची मोठी कोठारं असतात. डेटा सेंटर म्हणतात. ते कुठं बांधायचं, हे मी ठरवते."

"कोठाराला एवढे काय ठरवायचे? जागा कोरडी पाहावी, उंदीर नसावेत."

ती हसली. "या कोठारातला माल तापतो, आजी. त्याला अखंड वीज लागते, आणि तापलेला माल निववायला पाणी. वीज असते तिथं पाणी नसतं. पाणी असतं तिथं वीज पुरत नाही. दोन्ही जमलं की परवानगी अडते."

"म्हणजे चुलीचे तीन दगड," मी म्हणाले. "एक आखूड पडला की भांडे कलंडते."

काही दिवसांनी तिने सांगितले की तिच्या साहेबांना हे वाक्य फार आवडले आणि त्यांनी ते कचेरीतल्या फळ्यावर लिहून ठेवले. "खाली माझे नाव घातले का?" मी विचारले. नाही म्हणाली. "मग घालायला सांग."

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब तीच घालीत असे. थेंब पडेपर्यंत ती स्वतःचा श्वास रोखून धरी. मी तिला कधी बोलून दाखवले नाही, पण तो रोखलेला श्वास मला ऐकू येई, आणि त्या वेळी माझ्या मनात येई की या घरात आता एवढे एक माणूस राहिले तरी पुष्कळ झाले.

तिच्या कंपनीला पुण्याच्या पूर्वेला एक मोठी जागा हवी होती. कारेगावच्या बाजूला वीज होती, पण तिथले पाणी आधीच कारखान्यांना वाटून गेले होते. शिरूरकडे पाहिले, तर तिथले पाणी कालव्यांना बांधलेले. शेवटी नजर आमच्या गावच्या माळावर आली. माळ मुरमाड, त्यात कुसळ उगवत नाही, आणि त्याच्या डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा जातात. पावसाळ्यात त्यांच्याखालून छत्री धरून गेले तर दांडा धरलेला हात झिणझिणतो. विजेचा दगड बसला. ग्रामसभेचा ठराव सरपंच विश्वजीत करून देणार होता. तो माझा पुतण्या. राहिले पाणी.

पाणी जमले तर नीलम इथेच राहून ते काम पाहणार होती. न जमले तर कंपनीचे पुढचे काम चेन्नईला होते. पृथ्वीराजच्या कारखान्याचीही तिकडे एक शाखा आहे. दोघे गेले असते.

शिमगा होऊन गेल्यावर कंपनीचा सुदर्शन नावाचा तरुण पाहणीला आला. गावातली ज्येष्ठ व्यक्ती आणि पाणी उपसा संस्थेची अध्यक्ष म्हणून त्याने माझा जबाब घेतला. मुलगा अदबशीर होता. चप्पल बाहेर काढून बसला.

"आजी, गावाला बारमाही पाणी कुठलं?"

"थोरलीचे."

"उन्हाळ्यात आटत नाही?"

"आटलेली मी पाहिलेली नाही."

"मालकी कुणाची?"

"थोरलीला मालक असतो का, बाळ? ती सगळ्या गावाची आहे."

त्याला पाणी प्रत्यक्ष पाहायचे होते. मी आमच्या म्हाळूला हाक मारली आणि सांगितले, "यांना थोरलीचे पाणी दाखवून आण." म्हाळू गडी कामाचा आहे, पण उन्हातान्हात लांब चालणे त्याच्या जिवावर येते. नदी दूर, संस्थेची विहीर मात्र मळ्याच्या तोंडाशीच आहे. नदीवर मोटार चालते, उपसलेले पाणी मोठ्या नळाने येऊन त्या विहिरीत पडते, आणि तिथून पाळीपाळीने सगळ्यांच्या शेतांना जाते. विहिरीत थोरलीचेच पाणी आहे, तेव्हा म्हाळूने त्याला विहीर दाखवली. तो खोटे वागला असे मला म्हणता येत नाही. सुदर्शनने चैत्रात काठोकाठ भरलेली विहीर पाहिली, परत येऊन दोन पेले पन्हे प्यायला, आणि आनंदाने गेला.

वैशाखात एका संध्याकाळी नीलम पेढे घेऊन आली. आल्याआल्या तिने देवापुढे ठेवले, मग माझ्या हातावर.

"आजी, जागा बसली! निम्मं पाणी नदीतून मंजूर होतंय, आणि उरलेलं निम्मं थोरलीतून."

"कशातून?"

"थोरलीतून. आपली थोरली विहीर. सुदर्शननं भर उन्हाळ्यात भरलेली पाहिली ना! तुमचाच जबाब आहे. आजी, आम्ही इथंच राहणार."

पेढा माझ्या हातात होता. तो मी खाल्ला, आणि संपूर्ण खाल्ला. त्या संध्याकाळी ती माझ्या डोळ्यांत थेंब घालायला बसली तेव्हाही मी काही बोलले नाही. एक वाक्य मनातच ठेवले तर ही मुलगी घरात राहत होती. एवढ्याशा गप्प राहण्याने कोणाचे काही बिघडले असे त्या घटकेला दिसणारही नव्हते.

पण मी त्या संस्थेची अध्यक्ष आहे. एकच पाणी दोनदा उपसता येत नाही, हे मला समजत होते. ज्या उन्हाळ्यात नदीची धार बारीक होईल, त्या उन्हाळ्यात कोठाराची मोटार आणि आमची मोटार एकाच धारेवर ओढ घेतील. आधी सुकतील पाटाच्या शेपटाकडची शेते. मग कोठारही तापेल. आणि त्या दिवशी सगळे कोणाकडे बोट दाखवतील? आराखडा नीलमने केला होता. खाली तिची सही होती. ती माझ्या नजरेसमोर राहावी हे खरे, पण मान खाली घालून राहावी, हे मला चालण्यासारखे नव्हते.

सकाळी ती वेणी घालीत होती. मी म्हणाले, "आज गाडी चुकव."

"आजी, मीटिंग आहे."

"मी सांगते आहे. पायात चपला घाल."

मी तिला चालत नदीवर नेले. वाटेत तिने दोनदा विचारले, मी चालत राहिले. काठावर उभे राहून मी काठीने पाणी दाखवले.

"ही थोरली."

तिने नदीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ही तर…" असे म्हणून तिने नदीचे नकाशातले नाव घेतले.

"तुझ्यासाठी. मला ते नाव घेता येत नाही. तुझ्या आजेसासऱ्यांचे नाव आठव."

तिच्या ओठांनी आधी एक नाव जुळवले, मग दुसरे. समजले तशी ती हसायला लागली. इतकी हसली की खाली दगडावर बसली. आणि बसल्यावर तिचे हसणे हळूहळू थांबले.

"म्हणजे विहिरीत…"

"हेच पाणी आहे. वर चढवलेले."

"मी एकच पाणी दोनदा मोजलं, आजी."

"तू नाही. मी एका नावाने सांगितले, नकाशाने दुसऱ्या नावाने. तू दोघांवर विश्वास ठेवलास."

मग तिने विचारले, "तुम्ही आजोबांचं नाव कधीच नाही घेतलं?"

"का नाही? लग्नात घेतले. डोहाळजेवणात घेतले. हळदीकुंकवाला बायका आग्रह करीत, 'नाव घ्या, नाव घ्या', आणि मी उखाण्यात घेत असे. माझे उखाणे ऐकायला शेजारच्या गावच्या बायका येत. ते गेल्यापासून मला कोणी नाव घ्या म्हटलेले नाही. विधवेला म्हणत नसतात."

उठताना तिने माझा हात धरला. मला आधार द्यायला धरला की स्वतः घ्यायला, ते मी पाहिले नाही.

"मला आजच ऑफिसला कळवावं लागेल. मग आम्ही इथं राहणार नाही, आजी. तुम्हाला कळतंय ना?"

"कळते, म्हणूनच तुझी गाडी चुकवली."

तिने कळवले. पण जबाब गावाच्या नावाने नोंदला गेला होता. ज्याचा जबाब, दुरुस्तीही त्यानेच जनसुनावणीत सर्वांसमोर सांगायची, असे वरून उत्तर आले. ही बातमी विश्वजीतला लागायला कितीसा वेळ लागणार? तो लगेच घरी आला. चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि माझ्या पायाशी बसला. तो पायाशी बसला की त्याला काहीतरी हवे असते.

"काकी, थोरली म्हंजी इहीर, एवढंच म्हणा. बाकी म्या बघतो. गावातली पोरं रोज कारेगावला जात्यात, त्यांना हितंच काम मिळंल."

"आणि पाणी?"

"पानी कवा कुणाला पुरलंय? तवाचं तवा बघू." मग त्याने आवाज खाली आणला. "तुमची बी दोघं हितंच ऱ्हातील, काकी. मला काय कळत न्हाई व्हय?"

घाव त्याने बरोबर जागी घातला होता. मी त्याच्याकडे रोखून पाहिले. "विश्वजीत, तुझा शेंबूड पुसलेला आहे मी. मी काय बोलायचे ते तू मला शिकवू नकोस. ऊठ, आणि कपबशी आत नेऊन ठेव."

त्याने ठेवली. पण माघार घेतली नाही.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मांडवात एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. समोर अधिकारी, त्यांच्या शेजारच्या टेबलाशी कंपनीची माणसे. त्यांत नीलम होती. ती गावची सून म्हणून तिने डोक्यावर पदर घेतला होता आणि कंपनीची म्हणून गळ्यात ओळखपत्र अडकवले होते.

अधिकारी सभ्य होते. मला खुर्ची देऊ लागले. मी उभीच राहिले.

"आजी, तुमच्या जबाबावरून इथं दोन पाणी दिसतात. एक नदी आणि एक थोरली."

"एकच आहे. थोरली म्हणजे नदी."

विश्वजीत उठला. "सायेब, काकींचं वय झालंय. थोरली म्हंजी आमची इहीर. सगळा गाव तसंच म्हंतोय."

"कोन म्हंतोय?" मागून गेणबा ओरडला. त्याचे शेत पाटाच्या अगदी शेपटाला आहे. "त्या इहिरीत पानी काय आभाळातनं गळतंय व्हय? मोटार बंद पडली की तळ दिसतोय तिचा. माझी कोथमीर दोनदा जळाली, मला इचारा!"

"तुझी कोथमीर तशीबी जळती, गेणबा!" कोणीतरी म्हणाले आणि पुरुषांत हशा पिकला.

अधिकाऱ्यांनी हात वर केला. "आजी, थोरली नावाची नदी सरकारी नकाशात नाही."

"सरकारला ठाऊक नाही, तर त्यात माझा काय दोष?"

पुन्हा हशा. त्यांनाही हसू आले, पण त्यांनी विचारायचे सोडले नाही. "दुरुस्ती नोंदवायची तर नाव स्पष्ट हवं. नाहीतर मूळ जबाब कायम राहील. फक्त नदीचं नाव सांगा, आजी. दुसरं काही नको."

मी तोंड उघडले. मी हट्टाने गप्प राहिले, असे कोणी समजू नये. नाव घशापर्यंत आले आणि दाराबाहेर जोडे काढून ताटकळणाऱ्या पाहुण्यासारखे तिथेच थांबले. जन्मभर ज्याला उखाण्याशिवाय बाहेर येऊ दिले नाही, त्याला आत-बाहेरची वाट कशी सापडावी? मांडव शांत झाला.

"बघा सायेब," विश्वजीत म्हणाला, "काकीच गप हायेत. लिवा इहीर."

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नीलम टेबलामागून उठून माझ्यासमोर आली. तिने गळ्यातले ओळखपत्र पदराखाली सारले आणि मला म्हणाली, "आजी, नाव घ्या."

बायकांच्या बाजूने कोणीतरी श्वास ओढल्याचे मला ऐकू आले. "अगं ए नीलम," एक दबका आवाज आला, "म्हाताऱ्या मानसाला असं म्हंतात व्हय? मामा न्हाईत आता…"

"मला माहीत आहे," नीलम मागे न वळता म्हणाली. "नाव घ्या, आजी. मी तुमचा उखाणा कधी ऐकला नाही. मला ऐकायचा आहे."

त्या मांडवात ती काय मागत होती, ते तिला आणि मला, दोघींनाच समजत होते. दुरुस्ती झाली की ती जाणार होती. तरी ती मागत होती.

मी पदर सारखा केला. मान थोडी झुकवली, जशी त्या काळी झुकवीत असे. उखाणा मी आधी जुळवलेला नव्हता, पण ज्या बाईला उखाणा जुळवावा लागतो तिने तो घेऊच नये. मी खणखणीत आवाजात म्हणाले,

"नकाशावर पाणी दोन, शिवारात वाहते एक;
भीमाजीरावांचे नाव घेते पाबळच्या पाटलांची लेक."

बायकांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या, आणि ज्या बाईने नीलमला दटावले होते तीच सर्वांत जोराने वाजवीत होती. गेणबाने टोपी काढून मांडीवर आपटली. अधिकारी उठून उभे राहिले.

"म्हणजे भीमा," ते हळूच म्हणाले.

"मी नाव घेतले आहे," मी म्हणाले. "पुढचे तुमचे तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिले. विश्वजीत खाली मान घालून बसला होता. नीलम कोठे पाहत होती हे मला दिसले नाही, कारण तिने पदर डोळ्यांवर ओढला होता.

निम्मे पाणी गेले, आणि आराखडा कोसळला. नीलमने तो उभा करण्याचा प्रयत्न केला नाही असे नव्हे. पाण्याऐवजी वाऱ्याने माल निववण्याची एक तऱ्हा असते, ती तिने मांडून पाहिली. पण पाणी वाचवावे तर वीज जास्त लागते, आणि तेवढ्या विजेची नवी वाहिनी टाकायला काही वर्षे लागली असती. कंपनीला थांबायचे नव्हते. एक दगड उंच करायला गेले की दुसरा आखूड पडत होता. तिच्या साहेबांनी तिला बोल लावला नाही. उलट, बांधकामाआधी चूक शोधून काढली म्हणून शाबासकी दिली, आणि चेन्नईला पाठवले.

त्यानंतर जाईपर्यंतच्या दिवसांत तिने माझ्याकडून यजमानांविषयी बरेच काही काढून घेतले. त्यांना पोहता येत नव्हते, आणि नदीचे नाव असून ते गुडघाभर पाण्यापुढे कधी गेले नाहीत, हे मी या घरात प्रथमच कोणाला तरी सांगितले. पृथ्वीराज जेवता जेवता थांबला. आजोबा कसे हसत, कशावर रागावत, हे त्याला ठाऊकच नव्हते. ज्याचे नाव घरात निघत नाही, त्याच्या गोष्टीही निघत नाहीत, हे माझ्या लक्षात कधी आले नव्हते.

त्यांना गाडीवर सोडायला दौंडला विश्वजीतनेच आपली जीप काढली. वाटभर तो कुरकुरत होता.

"काकी, गावाचं लई नुकसान केलंत तुमी."

"पुढे खड्डा आहे. तिकडे बघ."

"तुमचं बी केलंत की."

"विश्वजीत, स्टेशन आले. बॅगा उचल. जड आहे ती तू घे, त्यात लोणचे आहे."

त्याने जड बॅग घेतली, आणि जिना चढताना माझा दंडही धरला.

फलाटावर ऊन होते. पृथ्वीराज डबा कुठे येईल ते पाहायला पुढे गेला. नीलम माझ्याजवळ बाकावर बसली. एरवी भरभर बोलणारी मुलगी, पण पर्सचा बंद नुसता बोटाला गुंडाळीत होती.

"तिथली भाषा मला येत नाही, आजी. तिथंही आधी पाणीच शोधायचं आहे. कुणाला विचारू?"

"म्हाताऱ्या बायकांना विचार," मी म्हणाले. "दुभाषी सोबत ने, पण तो बाईमाणूस असू दे. आणि एखादी नाव सांगताना अडखळली, तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नकोस. तिच्याजवळ बस."

"किती वेळ?"

"ती बोलेपर्यंत."

गाडी आली. ती वाकली, मी तिला पायांपर्यंत पोहोचू दिले नाही, वरच्या वर धरली. एवढ्या माणसांत मी कोणाला असे कधी धरलेले नाही. विश्वजीतने तोंड फिरवून चहाच्या गाड्याकडे पाहिले.

गाडी सुटल्यावर मी फलाटावर रेंगाळले नाही. आज शेपटाकडच्या शेतांची पाळी होती, आणि विहिरीवरच्या पाणी सोडायच्या खोलीची किल्ली माझ्या कनवटीला होती. गेणबा केव्हाचा वाट पाहत असणार.